रोममधले सहा दिवस : सम्राटाला की सम्राटासाठी

दिवस १, सोमवार

सकाळी सकाळी फ्युमिचिनोला उतरलो, तिथून ट्रेनने टर्मिनी आणि मग बॅगा ओढत पियाझ्झा व्हित्तोरियोजवळच्या खोलीवर. मी आणि आई, दोघीच. आईने वसईत आमच्या चर्चमध्ये तीस वर्षं मुलांना कॅटेकिझम म्हणजे धर्मशिक्षण शिकवलाय, हुतात्म्यांच्या गोष्टी तिला तोंडपाठ, आणि एकदा रोम बघायचं हे तिच्या मनात कधीपासूनचं. माझं कारण जरा वेगळं होतं. गेली दोन-तीन वर्षं सुरुवातीचे ख्रिस्ती आणि रोमन सरकार यांच्याबद्दल जे हाताला लागेल ते वाचतेय आणि जितकं वाचलं तितकं वाटत गेलं की यात छळ तर आहेच, पण छळाच्या आधी एकमेकांचं बोलणंच न कळणं आहे, आणि ते दोन्हीकडून आहे. त्या जागा एकदा पायाखाली घालायच्या होत्या.

खोलीच्या जवळच मोठी मंडई, तिथे बांगलादेशी दुकानदारांकडे कोथिंबीर, हिरव्या मिरच्या, मसूर सगळं मिळालं, आईचा जीव भांड्यात पडला. दुपारी आमटी-भात खाऊन समोरच्या बागेत जाऊन बसलो. या बागेच्या खाली जुन्या लामिया बागा आहेत, सम्राटांच्या मालकीच्या, आणि साधारण इ.स. ४० मध्ये याच भागातल्या बागांमध्ये अलेक्झांड्रियाच्या ज्यूंचं एक शिष्टमंडळ कॅलिग्युलाला भेटायला आलं होतं. त्यात फायलो नावाचा तत्त्वज्ञ होता, त्याने ती भेट लिहून ठेवलीय. सम्राट महालाच्या खोल्या बघत इकडून तिकडे धावतोय, इथे खिडकी लावा तिथे हे करा सांगतोय, शिष्टमंडळ मागे मागे, आणि मध्येच थांबून तो विचारतो तुम्ही डुकराचं मांस का खात नाही. बळींचा विषय निघतो तेव्हा ते सांगतात, महाराज, आम्ही तुमच्यासाठी तीनदा बळी अर्पण केलेत. त्यावर कॅलिग्युला म्हणतो, केलेत ना, पण दुसऱ्याला केलेत, माझ्यासाठी केले असतील, मला नाही केले.

हे वाक्य मी आईला दोनदा सांगितलं. सम्राटाला आणि सम्राटासाठी. मराठीत एका प्रत्ययाचा फरक आहे. हे ज्यूंचं झालं, ख्रिस्ती लोक तेव्हा रोमच्या खिजगणतीतही नव्हते, पण पुढची अडीचशे-पावणेतीनशे वर्षं भांडण याच फरकावर अडकून राहिलं असं मला वाटतं.

दिवस २, मंगळवार

मेट्रोने ओत्ताविआनो, तिथून चालत संत पेत्राचा चौक. आई आत शिरल्या शिरल्या गुडघ्यावर बसली, मी काही बोलले नाही. बाहेर आल्यावर मात्र तिला चौकातल्या उंच दगडी स्तंभापाशी घेऊन गेले. इजिप्तहून कॅलिग्युलाने आणवलेला हा ओबेलिस्क आधी इथूनच जवळ, आताच्या बॅसिलिकाच्या बाजूला, सम्राटाच्या सर्कशीत म्हणजे रथांच्या शर्यतीच्या मैदानात उभा होता, १५८६ मध्ये तो हलवून चौकात आणला. इ.स. ६४ च्या जुलैत रोमला आग लागली, लोक म्हणायला लागले की सम्राट नीरोनेच लावली, आणि त्याने दोष ख्रिस्ती लोकांवर ढकलला. कोणाला जनावरांची कातडी पांघरून कुत्र्यांपुढे टाकलं, कोणाला क्रुसावर चढवलं, कोणाला रात्री उजेड पडावा म्हणून जाळलं. ते नीरोच्या बागेत आणि सर्कशीत झालं, म्हणजे इथेच. माणसांनी बघितलेलं ते सगळं या दगडाने बघितलंय.

हे लिहून ठेवणारा रोमन इतिहासकार टॅसिटस ख्रिस्ती लोकांचा अजिबात मित्र नव्हता. तो म्हणतो की त्यांना शिक्षा झाली ती आग लावण्यापेक्षा ‘मानवजातीच्या द्वेषा’बद्दल झाली. आई चकित झाली. शेजाऱ्यावर प्रेम करा म्हणणाऱ्यांना मानवजातीचे शत्रू? पण रोमन माणसाच्या जागी उभं राहून बघा. तुमचा शेजारी गल्लीतल्या उत्सवाला येत नाही, देवळातल्या बळीचं मांस खात नाही, खेळ बघायला येत नाही, मिरवणूक आली की दार लावून घेतो, आणि पहाटे कुठेतरी गपचूप जमतो. देव रुसले तर सगळ्या गावावर रुसणार अशी तुमची पक्की समजूत आहे. मग तो माणूस तुम्हाला काय वाटेल?

नावापासूनच घोळ होता बघा. रोमन चरित्रकार सुएटोनियस लिहितो की ‘क्रेस्टस’च्या चिथावणीवरून सारखी दंगल करणाऱ्या ज्यूंना नीरोच्या आधीच्या क्लॉडियस सम्राटाने रोममधून घालवून दिलं. क्रेस्टस म्हणजे ग्रीकमध्ये चांगला, उपयोगी, गुलामांचं अगदी नेहमीचं नाव. बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे की त्याने ऐकलं ख्रिस्तबद्दल आणि लिहिलं क्रेस्टस, जणू हा कोणी रोममध्ये राहणारा पुढारीच आहे. पुढे टर्टुलियन हा ख्रिस्ती लेखक चिडून लिहितो की तुम्हाला आमचं नावसुद्धा नीट उच्चारता येत नाही आणि तरी त्या नावाचा द्वेष करता.

दिवस ३, बुधवार

कोलोसियम. आई वर्गात मुलांना सांगायची की नीरोने ख्रिस्ती लोकांना कोलोसियममध्ये सिंहांपुढे टाकलं. हे तिला कसं सांगायचं याचा मी रात्रभर विचार करत होते, शेवटी बाहेरच्या कठड्यावर बसून सांगितलं की नीरो ६८ मध्ये मेला, आणि हे बांधून खुलं झालं ८० मध्ये, टायटसच्या काळात. ती जरा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "म्हणजे इतक्या मुलांना मी चुकीचं सांगितलं?" मी म्हटलं, अगं, रोमनांना जसं आपलं काही कळलं नाही तसं आपण पण त्यांचं बरंच चुकीचं धरून बसलो, तू एकटी नाहीस. सम्राट ट्रेजनच्या काळात अँटिऑकचा बिशप इग्नेशियस श्वापदांपुढे मरायला रोमला आणला गेला, तो कदाचित इथेच मेला असेल. पण कोलोसियमला हुतात्म्यांची पवित्र जागा म्हणून मान मिळाला तो फार नंतर, १८ व्या शतकात चौदाव्या बेनेडिक्ट पोपच्या वेळी.

पॅलाटाइनच्या टेकडीवर चढताना आईचे गुडघे बोलायला लागले, तीन ठिकाणी बसत बसत गेलो, पण वरच्या छोट्या म्युझियममध्ये जे बघायचं होतं ते बघितल्याशिवाय मी खाली येणार नव्हते. गिलाव्याचा एक तुकडा. टेकडीच्या उतारावर एक इमारत होती, सम्राटाच्या घरातल्या नोकर-पोरांची शाळा असावी असं मानतात, तिथल्या भिंतीवर साधारण इ.स. २०० च्या आसपास कोणीतरी टोकदार वस्तूने ओरखडे काढून चित्र काढलंय, ते १८५७ मध्ये सापडलं. क्रुसावर एक माणूस, पाठमोरा, डोकं गाढवाचं. डाव्या बाजूला खाली एक मुलगा हात वर करून उभा. आणि वेड्यावाकड्या ग्रीक अक्षरांत लिहिलंय, ‘अलेक्सामेनोस देवाची पूजा करतो’. ‘पूजा करतो’चं स्पेलिंगसुद्धा चुकलंय.

काच आणि त्यावरचा उजेड यामुळे आधी काहीच दिसत नाही, मान तिरकी केली की रेघा उठून दिसतात. आई खूप वेळ बघत होती. क्रुसावरच्या ख्रिस्ताचं हे जगातल्या सगळ्यात जुन्या चित्रांपैकी एक आहे आणि ते चिडवायला काढलंय. गाढवाचं डोकं पूजतात ही कंडी आधी ज्यूंवर पिकवली गेली होती, तीच पुढे ख्रिस्ती लोकांवर आली. म्हणजे चित्र काढणाऱ्या पोराला अलेक्सामेनोसच्या देवाबद्दल काही माहीत नव्हतं, त्याने बाजारात जे ऐकलं ते काढलं. आणि त्याच इमारतीत शेजारच्या खोलीत वेगळ्या हस्ताक्षरात लॅटिनमध्ये दोनच शब्द सापडले, ‘अलेक्सामेनोस फिदेलिस’. अलेक्सामेनोस निष्ठावान आहे. त्याने स्वतः लिहिलं की मित्राने, काय माहीत, पण आईचे डोळे भरून आले आणि माझेही.

उतरताना फोरममध्ये सेप्टिमियस सेव्हेरसच्या कमानीजवळ एक संगमरवरी चौथरा आहे, लोक त्याच्याशेजारून फोटो काढत निघून जातात. हा ३०३ सालचा. एका बाजूला डुक्कर, मेंढा आणि बैल बळीसाठी निघालेत, दुसऱ्या बाजूला सम्राट वेदीवर नैवेद्य ओततोय. सम्राट डायोक्लेशियनच्या राज्याच्या विसाव्या वर्षाचा हा सोहळा. आणि त्याच वर्षी २३ फेब्रुवारीला आताच्या तुर्कस्तानातल्या निकोमेडियात त्याच्या महालासमोरचं चर्च पाडून सगळ्यात मोठा छळ सुरू झाला. त्याच्या काही वर्षं आधीचा प्रसंग लॅक्टान्शियस हा ख्रिस्ती लेखक सांगतो, की राजाचे पुरोहित बळीची आतडी-काळीज बघून शकुन काढत होते आणि शकुनच दिसेना, कारण तिथे उभ्या असलेल्या ख्रिस्ती नोकरांनी कपाळावर क्रुसाची खूण केली होती. नोकरांच्या मनात फक्त स्वतःला त्या विधीपासून दूर ठेवणं होतं, सम्राटाला वाटलं राज्याचं आणि देवांचं बोलणंच कोणीतरी तोडलं. तो चौथरा बघितल्यावर हे मला पहिल्यांदा नीट पटलं. त्या दगडातला सम्राट वेदीशी उभा राहून आपलं कामच करतोय, त्याच्या दृष्टीने ते देशाचं कामकाज आहे.

दिवस ४, गुरुवार

पोर्टा सान पाओलो स्टेशनवरून अर्ध्या तासात ओस्तिया अँतिका. पूर्वी हे रोमचं बंदर, आता समुद्र काही किलोमीटर मागे सरकलाय आणि पाईन झाडांखाली अख्खं गाव पडलंय, रस्ते, गिरण्या, खानावळीचा दगडी ओटासुद्धा.

मला इथे यायचं होतं ते मिनुसियस फेलिक्समुळे. हा वकील, ख्रिस्ती, त्याने एक संवाद लिहिलाय तो इथे घडतो. द्राक्षांच्या तोडणीचे दिवस, कोर्टाला सुट्टी, तीन मित्र पहाटे समुद्रावर फिरायला निघतात. वाटेत सेरापिस देवाची मूर्ती दिसते आणि तिघांतला ख्रिस्ती नसलेला सेसिलियस सहज हात ओठांना लावून नमस्कार करतो, जसा आपण रिक्षातून जाताना देऊळ दिसलं की करतो तसा. ख्रिस्ती असलेला ऑक्टेव्हियस त्यावर टोकतो. पुढे किनाऱ्यावर पोरं लाटांनी गुळगुळीत झालेल्या खापऱ्या पाण्यावर टप्पे घेत उडवतायत, हे तिघं बघत उभे, पण सेसिलियसचं लक्ष नाही, त्याला ते टोकणं लागलंय. मग दगडांवर बसून वाद होतो. मैत्रीत घडलेला हा वाद आहे म्हणून मला तो फार जवळचा वाटतो.

सेसिलियस ख्रिस्ती लोकांबद्दलच्या ऐकीव गोष्टींची यादीच वाचतो. यांच्यात नवा माणूस आला की पिठाने झाकलेलं बाळ पुढे ठेवतात, त्याच्याकडून वार करवून घेतात आणि रक्त चाटतात. एकमेकांना भाऊ-बहीण म्हणतात आणि जेवणानंतर दिवा विझवून नको ते करतात. देऊळ नाही, वेदी नाही, मूर्ती नाही, मग लपवतात काय? हे कुठून आलं असेल ते आईने लगेच ओळखलं. "हे माझं शरीर आहे, हे माझं रक्त आहे" हे मिस्सातले म्हणजे चर्चमधल्या उपासनेतले शब्द दाराबाहेरून अर्धवट ऐकले की काय वाटेल? नवराबायको एकमेकांना भाऊ-बहीण म्हणतात आणि शांतीचं चुंबन देतात हे कामवाल्या मुलीने बाहेर जाऊन सांगितलं की काय वाटेल? आताच्या फ्रान्समधल्या लियोंमध्ये इ.स. १७७ मध्ये याच आरोपांवरून माणसं मेली.

नंतर गेलो ते आग विझवणाऱ्यांच्या बराकीत. मोठं अंगण, भोवती खोल्या, आणि समोरच सम्राटांचं देवघर, त्याच्यापुढे जमिनीवर काळ्या-पांढऱ्या मोझॅइकमध्ये बैलाचा बळी. म्हणजे बंबवाल्यांच्या ड्युटीतच सम्राटाची पूजा होती. इथे मला प्लिनी आठवला, साधारण इ.स. १११ च्या सुमारास काळ्या समुद्राकाठच्या बिथिनिया-पोंटसचा सुभेदार. निकोमेडियात मोठी आग लागली तेव्हा त्याने ट्रेजनला लिहिलं, फक्त १५० माणसांचं अग्निशमन पथक काढू का? ट्रेजनने नको म्हटलं. कारण दिलं की लोक कुठल्याही कारणाने एकत्र येवोत, काही दिवसांत त्याचं राजकीय मंडळ होतं. जो सम्राट आग विझवणाऱ्या मंडळाला भितो त्याच्या राज्यात पहाटे जमणारी ही माणसं.

प्लिनीचं ख्रिस्ती लोकांबद्दलचं पत्र मी इतक्यांदा वाचलंय. तो प्रामाणिकपणे कबूल करतो की या लोकांच्या खटल्याला मी कधी हजर नव्हतो, नेमकी शिक्षा कशाची द्यायची, नुसत्या नावाची की नावाबरोबर येणाऱ्या गुन्ह्यांची? तो चौकशी करतो तेव्हा सापडतं काय, तर ठरलेल्या दिवशी उजाडायच्या आधी जमतात, ख्रिस्ताला देव मानून आळीपाळीने स्तोत्र गातात, आणि शपथ घेतात की चोरी, दरोडा, व्यभिचार करणार नाही, दिलेला शब्द मोडणार नाही. मग पुन्हा जमून जेवतात, आणि जेवण अगदी साधं, निरुपद्रवी. बाळ नाही, रक्त नाही. तरी त्याचा विश्वास बसत नाही, तो सेविका म्हणवल्या जाणाऱ्या दोन दासींचा छळ करून आणखी काही निघतं का बघतो आणि शेवटी म्हणतो की विकृत, अतिरेकी अंधश्रद्धेपलीकडे काही सापडलं नाही. त्या दोघींची नावंही त्याने लिहिली नाहीत, याचा मला अजूनही राग येतो.

शपथेला त्याने शब्द वापरलाय ‘साक्रामेंतुम’. रोमन माणसाच्या कानाला हा सैनिकाच्या शपथेचा शब्द. सम्राटाशी निष्ठेची शपथ, आणि ही माणसं ती दुसऱ्याच कोणाच्या नावाने घेतायत! आई म्हणाली, आपल्या गोन्सालो गार्सियाचं पण असंच ना. खरंय. वसईत जन्मलेला हा संत १५९७ मध्ये नागासाकीला पंचवीस जणांबरोबर क्रुसावर गेला, तिथेही राज्यकर्त्याच्या डोक्यात बसलं होतं की हे धर्मप्रचारक म्हणजे परक्या सैन्याची पुढची तुकडी.

ट्रेजनचं उत्तर छोटं आहे. त्यांना शोधत फिरू नका, कोणी समोर आणून सिद्ध केलं तर शिक्षा करा, देवांना नमन केलं तर सोडा, निनावी तक्रारी घेऊ नका, ते आपल्या काळाला शोभत नाही. त्या काळाच्या मानाने नरमच म्हणायचं. पण टर्टुलियन विचारतो ते बिनतोड आहे, आम्ही गुन्हेगार असू तर शोधत का नाही, आणि नसू तर शिक्षा का करता?

दिवस ५, शुक्रवार

११८ नंबरच्या बसने आप्पिया रस्त्यावर संत कॅलिस्टसची भूमिगत दफनभूमी. आईला इथे ख्रिस्ती लोक लपून राहायचे ती जागा बघायची होती, आणि गाईडने पहिल्या पाच मिनिटांतच सांगून टाकलं की इथे कोणी लपत नव्हतं, ही स्मशानभूमी होती, सरकारला पत्ता पक्का माहीत होता, रोमन कायद्यात कबर कोणाचीही असो ती पवित्र. आईने माझ्याकडे बघितलं, मी तिचा हात धरला. खाली गार हवा, ओली माती, भिंतीत एकावर एक खणासारख्या कबरी, काही इतक्या छोट्या की तान्ह्या बाळांच्याच.

पोपांच्या दालनात पोचलो. तिसऱ्या शतकातले नऊ पोप इथे पुरले होते. दुसरे सिक्स्टस यांना सम्राट व्हॅलेरियनच्या हुकमाने ६ ऑगस्ट २५८ ला दफनभूमीतच पकडून मारलं, बरोबर चार डीकन म्हणजे साहाय्यक धर्मसेवक. पत्ता माहीत असण्याचा हा दुसरा अर्थ.

पण मी थांबले पोप फेबियनच्या दगडाशी. ग्रीकमध्ये नाव, पुढे ‘बिशप’चा संक्षेप, आणि त्याच्यापुढे ‘हुतात्मा’चा संक्षेप, तो जरा उथळ कोरलेला, नंतर जोडलेला. फेबियन २० जानेवारी २५० ला गेला, सम्राट डेसियसच्या काळात. डेसियसचा हुकूम असा की राज्यातल्या प्रत्येकाने देवांना बळी द्यायचा, नैवेद्य ओतायचा, बळीचं मांस चाखायचं आणि कमिटीकडून तसा दाखला घ्यायचा. हे दाखले इजिप्तच्या कोरड्या वाळूत सापडलेत, चाळीसहून जास्त. एक ऑरेलियस डायोजेनिस नावाच्या म्हाताऱ्याचा, वय ७२, उजव्या भुवईवर व्रण. मी देवांना नेहमीच बळी देत आलोय आणि आत्ता तुमच्यासमोर दिलाय, तरी खाली सही करावी. आपल्या तलाठ्याच्या दाखल्यासारखीच भाषा, ओळखीची खूणसुद्धा लिहिलेली. आणि एक दाखला चक्क मगरदेवाच्या पुजारणीचा आहे! तिच्यावर कोण संशय घेणार होतं? म्हणजे सरकारच्या मनात सगळ्या प्रजेने मिळून देवांची मनधरणी करावी हे असावं. ख्रिस्ती लोकांना वाटलं हे आपल्यालाच पकडायला काढलंय. सरकारला वाटलं चिमूटभर धूप तर टाकायचाय, मनात काय ते तुमचं तुम्ही ठेवा ना. त्या चिमटीत यांचा सगळा देव अडकलेला आहे हे त्या ओट्यामागे बसलेल्या कारकुनाला कळायचा काही मार्गच नव्हता. पुष्कळ जणांनी धूप टाकला, काहींनी पैसे देऊन नुसता दाखला घेतला, आणि नंतर त्यांना परत घ्यायचं की नाही यावरून चर्चमध्येच उभी फूट पडायची वेळ आली.

आईने विचारलं, "तू काय केलं असतंस?" मला उत्तर देता आलं नाही. तिला विचारायचं धाडस झालं नाही.

दिवस ६, शनिवार

रात्रीची फ्लाईट, सकाळ मोकळी, म्हणून चालत संत क्लेमेंटच्या चर्चला. वर बाराव्या शतकातलं चर्च, त्याच्याखाली चौथ्या शतकातलं, त्याच्याही खाली पहिल्या शतकातल्या भिंती आणि मिथ्र देवाची गुहा, दगडी बाकांमध्ये वेदी. जिन्याने जितकं खाली जाल तितका पाण्याचा आवाज वाढत जातो, जुन्या गटारातून अजून पाणी वाहतंय.

रोमचा बिशप असलेल्या या क्लेमेंटच्या नावाने रोमहून ग्रीसमधल्या करिंथला लिहिलेलं एक पत्र आहे, पहिल्या शतकाच्या शेवटचं, म्हणजे नीरोचा तो प्रकार बघितलेली माणसं अजून जिवंत असतील. त्यात शेवटी राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना आहे. प्रभू, त्यांना आरोग्य दे, शांती दे, एकोपा दे, तू दिलेला कारभार त्यांच्या हातून न अडखळता होऊ दे. मी फोनवर काढून आईला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "अगं, हे तर आपण दर रविवारी म्हणतो, देशाच्या राज्यकर्त्यांसाठी."

मग मी तिला सम्राट गॅलेरियसचं सांगितलं, डायोक्लेशियनच्या वेळच्या छळामागचा मोठा हात त्याचाच. ३० एप्रिल ३११ ला, आजाराने खंगलेला असताना, त्याचा हुकूम निकोमेडियात लागला. त्यात तो अजूनही चिडून म्हणतो की यांनी पूर्वजांच्या रीती सोडल्या, पण आता यांना परवानगी आहे, आणि या सवलतीच्या बदल्यात यांनी आपल्या देवाकडे आमच्या क्षेमासाठी, राज्यासाठी आणि स्वतःसाठी प्रार्थना करावी. त्यानंतर थोड्याच दिवसांत तो मेला.

"पण ती तर आधीपासूनच चालू होती," आई म्हणाली. खालच्या त्या अरुंद गल्लीत, एका बाजूला मिथ्राची गुहा आणि दुसऱ्या बाजूला विटांची भिंत, तिथे उभं राहून तिने ती रविवारची प्रार्थना मराठीत हळूच म्हटली, आणि मागून येणाऱ्या लोकांना वाट द्यायला आम्ही भिंतीला टेकून उभ्या राहिलो.